ड्रॅग शर्यतीसाठी सस्पेन्शनची जुळवणी

ड्रॅग शर्यतीसाठी सस्पेन्शनची जुळवणी म्हणजे सरळ आणि अल्प अंतराच्या वेगशर्यतीत मोटार जागेवरून सुटताना तिच्या शक्तिचालित चाकांना जमिनीची अधिकाधिक पकड मिळावी, या हेतूने स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर, जोडदांडे, टायर आणि चाकांचे कोन यांत केलेले बदल होत. वळणावळणाच्या मार्गावरील शर्यतीत सस्पेन्शनचे मुख्य काम मोटारीला वळणात तोलून धरण्याचे असते. ड्रॅग शर्यतीत वळण नसते. तेथे सस्पेन्शनने पहिल्या दोन-तीन सेकंदांत भार योग्य चाकांवर ठेवणे आणि त्यानंतर मोटार सरळ रेषेत राखणे अपेक्षित असते.

या विषयावरील बहुतेक प्रचलित माहिती मागील चाकांवर चालणाऱ्या अमेरिकी मोटारींच्या अनुभवावर आधारलेली आहे. भारतातील बहुसंख्य प्रवासी मोटारींत मात्र इंजिनाची शक्ती पुढील चाकांना मिळते. त्यामुळे त्या माहितीतील काही महत्त्वाच्या सूचना येथे उलट्या लागू होतात.

== शर्यतीचे स्वरूप ==

ड्रॅग शर्यतीत दोन वाहने शेजारच्या दोन मार्गिकांतून एकाच वेळी सुटतात. रूढ अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट (सुमारे ४०२ मीटर) असते. काही ठिकाणी एक-अष्टमांश मैलाची (सुमारे २०१ मीटर) शर्यतही होते. अमेरिकेत १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली आणि या खेळाला नियमबद्ध रूप मिळाले. स्कॉट कलिट्टा या चालकाच्या अपघाती मृत्यूनंतर, २००८ मध्ये, या संस्थेने सर्वांत वेगवान दोन वर्गांसाठी अंतर कमी करून १,००० फूट केले.

सुटण्याच्या रेषेवर प्रकाशकिरणांच्या साहाय्याने वाहनाची जागा निश्चित केली जाते आणि खांबावरील दिव्यांच्या क्रमाने संकेत दिला जातो. वाहनाला अंतर कापण्यास लागलेला वेळ, शेवटचा वेग आणि मधल्या टप्प्यांवरील वेळा यांची स्वतंत्र नोंद होते. सस्पेन्शनच्या जुळवणीसाठी यांतील सर्वांत उपयुक्त नोंद पहिल्या ६० फुटांच्या (सुमारे १८.३ मीटर) वेळेची असते. या टप्प्यात निकाल बहुधा इंजिनाच्या सामर्थ्यापेक्षा टायरच्या पकडीवर ठरतो.

== भाराचे स्थलांतर ==

मोटार पुढे झेपावते तेव्हा तिला ढकलणारे बल टायर जेथे जमिनीला टेकतात तेथे लागते. तिचा गुरुत्वमध्य मात्र जमिनीपासून काही उंचीवर असतो. या उंचीमुळे मोटारीचे नाक वर उचलले जाऊ पाहते. पुढील चाकांवरील भार कमी होतो आणि तेवढाच मागील चाकांवर वाढतो. एस.टी. बस सुटताना उभे प्रवासी मागे झुकतात, त्यामागचे जडत्वाचे तत्त्व हेच आहे. हे स्थलांतर पुढील सूत्राने काढता येते :

स्थलांतरित भार = मोटारीचे वजन × त्वरण (गुरुत्वीय त्वरणाच्या पटीत) × गुरुत्वमध्याची उंची ÷ पुढील व मागील आसांतील अंतर

या सूत्रात स्प्रिंगचा किंवा शॉक अब्सॉर्बरचा उल्लेख नाही, ही बाब जुळवणी करणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावी लागते. वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि आसांतील अंतर कायम असेल, तर स्थिर त्वरणात स्थलांतरित होणारा एकूण भार स्प्रिंग मऊ असो वा ताठ, सारखाच राहतो. मोटार मागे अधिक बसलेली दिसली म्हणजे मागे अधिक भार गेला, हा समज चुकीचा आहे. स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर हा भार किती लवकर पोहोचतो, डाव्या-उजव्या चाकांत कसा वाटला जातो आणि त्या वेळी चाकांचे कोन किती ढळतात, एवढेच ठरवतात.

उदाहरणादाखल १,००० किलोग्रॅम वजनाच्या, ०.५ मीटर उंचीवर गुरुत्वमध्य आणि आसांत २.५ मीटर अंतर असलेल्या मोटारीचा विचार करता येईल. टायर व जमीन यांच्यातील घर्षणांक १ मानला, तर इंजिन कितीही सामर्थ्यवान असले तरी पकडीमुळे त्वरणावर पुढीलप्रमाणे मर्यादा येते. त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या पटीत दिले आहे.

| मोटारीचा प्रकार | चालक चाकांवरील भार, उभी असताना | चालक चाकांवरील भार, सुटताना | कमाल त्वरण | पहिल्या ६० फुटांचा आदर्श वेळ |
|---|---|---|---|---|
| पुढील चाकांवर चालणारी (६० टक्के भार पुढे) | ६०० किग्रॅ | ५०० किग्रॅ | ०.५ | २.७३ सेकंद |
| मागील चाकांवर चालणारी (५० टक्के भार मागे) | ५०० किग्रॅ | ६२५ किग्रॅ | ०.६२५ | २.४४ सेकंद |

हे आकडे स्थिर त्वरण गृहीत धरून काढलेले आहेत; प्रत्यक्ष वेळ टायर, पृष्ठभाग आणि वेळमापनाच्या पद्धतीनुसार बदलते. दोन्ही प्रकारांतील मूलभूत भेद मात्र त्यांतून स्पष्ट होतो. मागील चाकांच्या मोटारीला भारस्थलांतर साहाय्य करते; पुढील चाकांच्या मोटारीला तेच स्थलांतर बाधक ठरते. याच उदाहरणात गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटरने खाली आणल्यास पहिल्या मोटारीची त्वरणमर्यादा सुमारे १.७ टक्क्यांनी वाढते, तर दुसरीची सुमारे २.४ टक्क्यांनी घटते. मोटार खाली बसवणे सरसकट हितकारक नसते, ते यामुळेच.

== सस्पेन्शनचे घटक ==

* स्प्रिंग – मोटारीचा भार तोलून धरते. ती गुंडाळीच्या किंवा पाट्यांच्या स्वरूपात असते.
* शॉक अब्सॉर्बर – गॅरेजच्या बोलीत ‘शॉकअप’. स्प्रिंगच्या हालचालीचा वेग आवरतो. दबताना आणि ताणताना त्याचा विरोध वेगवेगळा ठेवता येतो. ड्रॅग जुळवणीत या गुणाला विशेष महत्त्व आहे.
* अँटी-रोल बार – डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पिळाची दांडी. मोटारीचे एका बाजूला कलणे ती कमी करते.
* जोडदांडे आणि बुश – चाकांची पुढे-मागे होणारी हालचाल रोखतात. रबरी बुश झिजले की चाकाचा कोन दाबाखाली ढळतो.
* इंजिन माउंटिंग – सस्पेन्शनचा भाग नसले तरी ते सैल असल्यास सुटताना इंजिन झोके घेते आणि चाके उड्या मारू लागतात.

== मागील चाकांवर चालणाऱ्या मोटारी ==

मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली फियाट ११०० हे या रचनेचे महाराष्ट्राला परिचित उदाहरण होय. तिच्या मागील बाजूस अखंड ॲक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंग असत. अशा रचनेत चाकांना जोराचा पीळ मिळाला की ॲक्सल उलट दिशेने फिरू पाहतो आणि पाटे इंग्रजी ‘एस’ अक्षराप्रमाणे वाकतात. पाटे सरळ होताना चाक क्षणभर उचलले जाते, पुन्हा आपटते आणि हाच क्रम वेगाने चालू राहतो. यास चाकाचे उड्या मारणे म्हणतात. त्यात पकड तर जातेच, शिवाय ॲक्सलचे दांडे तुटण्याचाही संभव असतो. उपाय म्हणून ॲक्सलपासून पुढच्या बाजूला पिळास अडविणारे लोखंडी दांडे बसवले जातात.

अधिक प्रगत मोटारींत पाट्यांऐवजी चार जोडदांड्यांची रचना असते. बाजूने पाहिल्यास वरच्या व खालच्या दांड्यांच्या रेषा पुढे वाढवल्यावर एका बिंदूत मिळतात. मागील टायरच्या टेकण्याच्या बिंदूपासून, पुढील आसाच्या बरोबर वर गुरुत्वमध्याइतक्या उंचीवर असलेल्या बिंदूपर्यंत एक रेषा कल्पिली जाते. दांड्यांचा मिलनबिंदू या रेषेच्या वर असल्यास सुटताना मोटारीचा मागील भाग उचलला जातो आणि टायर जमिनीवर जोराने दाबला जातो. खाली असल्यास मागील भाग बसतो. हा दाब क्षणिक असतो. तो अति झाल्यास टायर प्रथम पकडतो आणि लगेच सुटतो, म्हणून मागील शॉक अब्सॉर्बरच्या ताणण्याच्या विरोधाने त्याला आवर घातला जातो.

पुढील बाजूस नाक सहज उचलले जावे यासाठी ताणताना सैल आणि दबताना ताठ असे शॉक अब्सॉर्बर वापरतात. त्यामुळे उचललेले नाक लगेच खाली येत नाही. नाक फार उंच गेल्यास शक्तीचा व्यय होतो आणि सुकाणूवरील ताबाही सुटतो. म्हणून हालचालीला मर्यादा घालणारे पट्टे, तर अतिशक्तिशाली मोटारींत मागे छोटी चाके असलेले दांडे बसवतात.

लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनाचा पीळ मोटारीच्या सांगाड्यालाही मुरडतो. अखंड ॲक्सलच्या मोटारीत त्यामुळे सामान्यतः उजव्या मागील चाकावरील भार कमी होऊ पाहतो व मोटार एका बाजूला ओढली जाते. उजव्या मागील स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी ठेवून किंवा अँटी-रोल बारला आधीच थोडा ताण देऊन ही विषमता दूर केली जाते.

== पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारी ==

छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे २००१ पासून जुळणी झालेली स्कोडा ऑक्टाव्हिया आणि पुण्याजवळील चाकण येथे २००९ ते २०२२ या काळात निर्माण झालेली फोक्सवॅगन पोलो या मोटारी या गटातील होत. अशा मोटारींत इंजिन आडवे बसवलेले असते आणि सुटताना भार नेमका चालक चाकांवरूनच निघून जातो. तो पूर्णपणे थांबवता येत नाही. हानी कमी राखणे हेच या जुळवणीचे उद्दिष्ट असते.

त्यासाठी पुढील उपाय योजले जातात :

* मागील स्प्रिंग ताठ करणे. मोटारीचा मागील भाग बसत नाही आणि नाक वर जात नाही. भाराचे स्थलांतर टळत नसले तरी पुढील चाकांचे कोन जागच्या जागी राहतात व गुरुत्वमध्य वर सरकत नाही.
* पुढील शॉक अब्सॉर्बर ताणताना ताठ ठेवणे. नाक उचलण्याचा वेग कमी होतो. मात्र हा विरोध अति झाल्यास उंचसखल पृष्ठभागावर चाक जमिनीपासून सुटते.
* वजनाची फेरमांडणी. मागील बाजूचे अनावश्यक वजन काढल्याने एकूण वजन घटते आणि पुढील चाकांवरील वजनाचे प्रमाण वाढते.
* मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरू लागले की दुसऱ्यालाही तेवढाच अल्प पीळ मिळतो. हा दोष सस्पेन्शनच्या जुळवणीने जात नाही.
* कठीण माउंटिंग व बुश. यांनी चाकांचे उड्या मारणे कमी होते. त्याबरोबर मोटारीतील कंप वाढतो.

केवळ शर्यतीसाठी बनवलेल्या अशा मोटारींना मागे लांब दांडे व त्यांच्या टोकाला छोटी चाके लावतात. नाक उचलले जाऊ लागताच ही चाके भार घेतात आणि मोटारीचा आधार मागे सरकून आसांतील अंतर वाढल्याचा परिणाम साधला जातो. टायरही पुढे रुंद आणि मागे अरुंद असतात, म्हणजे मागील चाकांच्या मोटारीच्या अगदी उलट.

चारही चाकांवर चालणाऱ्या मोटारीत सर्व भार चालक चाकांवरच राहतो. भार कोठेही गेला तरी तो उपयोगी पडतो. म्हणून तेथे पुढील व मागील चाकांना शक्तीची वाटणी कशी होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो.

== टायर आणि चाकांचे कोन ==

सस्पेन्शन भार पोहोचवते. त्याचे पकडीत रूपांतर टायर करतो. वरील उदाहरणात घर्षणांक १ ऐवजी १.२ झाला, तर पुढील चाकांच्या मोटारीची त्वरणमर्यादा ०.५ वरून सुमारे ०.५८ होते. गुरुत्वमध्य खाली आणून मिळणाऱ्या लाभाच्या कित्येक पट हा लाभ आहे. म्हणून खर्चाच्या दृष्टीने पहिला क्रम टायरचा लागतो. ड्रॅग शर्यतीचे टायर मऊ रबराचे असतात. सुटण्यापूर्वी चाके जागेवर फिरवून ते तापवले जातात आणि हवेचा दाब निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत कमी ठेवला जातो. सामान्य टायरमध्ये हवा फार कमी केल्यास त्याच्या कडा वाकतात, वेगात ते तापतात आणि फुटण्याचा धोका उद्भवतो.

चाक उभ्या रेषेपासून आत वा बाहेर कललेले असणे यास कॅम्बर म्हणतात. सुटताना चालक चाकांचा कॅम्बर शून्याच्या जवळ असल्यास टायरची पूर्ण रुंदी जमिनीला टेकते. वरून पाहता चाकांची पुढील टोके आत वा बाहेर वळलेली असणे म्हणजे टो होय. पुढील चालक चाके शक्ती मिळताच आतल्या बाजूला वळू पाहतात. त्यामुळे उभ्या स्थितीत त्यांना किंचित बाहेर वळवून ठेवतात. मागील चाकांच्या मोटारीत पुढील चाके किंचित आत वळवलेली असतात. सुकाणूच्या अक्षाचा मागील बाजूस असलेला कल, म्हणजे कॅस्टर, वाढवल्याने मोटार वेगात सरळ राहते. नाक उचललेल्या स्थितीत हे कोन बदलतात, म्हणून मोटार त्या उंचीवर धरूनही ते पुन्हा मोजावे लागतात.

== जुळवणीची पद्धत ==

जुळवणीचा आरंभ तपासणीने होतो. झिजलेले बुश, गळणारे शॉक अब्सॉर्बर आणि सैल माउंटिंग बदलल्याशिवाय केलेली कोणतीही जुळवणी विश्वासार्ह नसते. त्यानंतर चालक आसनावर असताना चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून प्रत्येक चाकावरील भार नोंदवतात. मग मोटारीची उंची, टायरचा दाब व चाकांचे कोन निश्चित केले जातात आणि शॉक अब्सॉर्बर मधल्या स्थितीत ठेवून पहिली धाव घेतली जाते.

पुढील प्रत्येक धावेपूर्वी एकच बदल केला जातो. दोन बदल एकदम केल्यास वेळ कोणत्या बदलामुळे सुधारली वा बिघडली, ते कळत नाही. ६० फुटांची वेळ, टायरचा दाब, हवेचे व पृष्ठभागाचे तापमान यांची नोंदवही ठेवली जाते. बाजूने घेतलेले चित्रण संथ गतीने पाहिल्यास नाक किती उचलले, चाक केव्हा घसरले आणि उड्या होत्या काय, हे समजते. एका धावेवरून निष्कर्ष काढला जात नाही. त्याच जुळवणीत वेळ पुन्हा पुन्हा जवळपास तीच येणे हे चांगल्या जुळवणीचे लक्षण मानले जाते.

== भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती ==

भारतात मोटार शर्यतींचा आरंभीचा विकास बऱ्याच अंशी विमानांच्या धावपट्ट्यांवर झाला. मद्रासजवळील शोलावरम हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. महाराष्ट्रातील ड्रॅग शर्यतींनाही धावपट्टीचाच आधार मिळाला आहे. पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० च्या दशकात ‘द व्हॅली रन’ ही मोटारी व मोटारसायकलींची ड्रॅग स्पर्धा भरू लागली. देशातील मोटार क्रीडेचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते.

धावपट्टी आणि खास ड्रॅग मार्ग यांत भेद आहे. खास मार्गावर सुटण्याच्या जागी चिकट द्रव्य फवारून रबराचा थर बसवलेला असतो. अशा तयारीविना धावपट्टीवर पकड कमी मिळते. त्यामुळे चिकट मार्गासाठी सुचवलेली, चाकावर एकदम जोराचा दाब देणारी जुळवणी धावपट्टीवर चाके घसरवते. तेथे भार क्रमाने पोहोचवणारी सौम्य जुळवणी अधिक उपयोगी ठरते.

== सुरक्षितता आणि कायदा ==

ड्रॅग शर्यतीसाठी जुळवलेली मोटार सार्वजनिक रस्त्यासाठी अयोग्य ठरू शकते. मुद्दाम विषम ठेवलेले शॉक अब्सॉर्बर, कमी हवेचे टायर आणि काढून टाकलेला अँटी-रोल बार यांमुळे सरळ रेषेत वेग मिळतो. परंतु ब्रेक लावताना, खड्ड्यात किंवा अचानक वळावे लागल्यास तीच मोटार अस्थिर होते. ताशी १६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ४४ मीटर अंतर कापते. चांगल्या पृष्ठभागावर जोराचा ब्रेक लावला तरी, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, ती थांबेपर्यंत सुमारे १७० मीटर जातात. शर्यतीच्या मार्गावर अंतिम रेषेपुढे थांबण्यासाठी मोकळी जागा राखलेली असते. अमेरिकी नियमांनुसार ताशी १५० मैलांपेक्षा (सुमारे २४१ किलोमीटर) अधिक वेग गाठणाऱ्या मोटारीला थांबण्यासाठी पॅराशूटही लावावे लागते.

बीड जिल्ह्यातील पालीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ किंवा त्यासारखे अन्य चौपदरी रस्ते नजरेला धावपट्टीसारखे भासले, तरी त्यांवर ही राखीव जागा नसते. दुभाजकातील फटी, रस्ता ओलांडणारी माणसे व गुरे, गळीत हंगामात मागचे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेला रस्त्याचा आडवा उतार यांपैकी कशाचाही विचार ड्रॅग जुळवणीत केलेला नसतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नोंदणीकृत वाहनाच्या निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर कलम ५२ ने निर्बंध घातले असून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या निर्बंधांना दुजोरा दिला. वाहन विम्याच्या प्रचलित अटींनुसार शर्यत व वेगचाचणी यांत झालेल्या हानीला संरक्षण मिळत नाही. या कारणांमुळे अशी जुळवणी केलेली मोटार स्पर्धास्थळी स्वतःच्या चाकांवर न नेता वाहून नेण्याची आणि ती केवळ बंदिस्त, अधिकृत मार्गावर चालवण्याची पद्धत या खेळात रूढ आहे.